एकोणचाळिसावं जनावर

गावाच्या वनपंचायतीची सरपंच खिमुली आमा, म्हणजे खिमुली आजी, दर शनिवारी शाळेतल्या चौदा पोरांना बांज ओकच्या डोंगरी जंगलात न्यायची. स्वतः चौथीपुढे गेली नव्हती, पण पोरांकडून गवताचा भारा ताणकाट्याला लटकवून वजन करून घ्यायची, एका झाडाचा किती पाला ओरबाडला की ते पुढच्या वर्षी रुसतं ते दाखवायची. "जंगल वर्षाला वाढतं तेवढंच खायचं," एवढाच तिचा धडा. बिष्ट मास्तर त्याला शाश्वत विकास म्हणायचे. आमा म्हणायची, "म्हणा बापडे."

पोरं सोबत असली की तिची जीभ थांबायची नाही. एरवी घरात बोलायला होती फक्त धौली, तिची भाकड गाय. मुलगा खाली हल्द्वानी शहरात गेला तो तिथलाच झाला. त्याचा फोन यायचा, पण तब्येत विचारून लगेच ठेवायचा. धौलीला मात्र रोज संध्याकाळी सगळं सांगायचं: कोणाचा गुडघा धरला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली. गाय रवंथ करत ऐकून घ्यायची. माणसांनी तरी याहून जास्त काय केलं असतं?

असोजात, म्हणजे आश्विन महिन्यात, पोरांनी वर्षभराच्या वजनांचा मेळ घातला. जंगल अडतीस जनावरं पोसू शकतं, आणि गावात जनावरं बरोब्बर अडतीस. मास्तरांनी खूश होऊन तक्ता भिंतीवर लावला. आमानं त्यातली जनावरांची यादी दोनदा वाचली.

"धौली कुठाय?"

पोरं पायांकडे बघायला लागली. यादी लिहिणारी नीमा हळूच म्हणाली, "आमा, ती म्हातारी आहे. खाऊन खाऊन किती खाणार?"

"वजन केलंस?"

"नाही."

"मग कर."

पोरांनी धौलीचा दिवसभराचा चारा तोलला. अठरा किलो भरला. म्हातारी असली तरी खायला कमी नव्हती. म्हणजे जनावरं एकोणचाळीस. एक जास्त, आणि जास्त झालं तर भाकड जनावर आधी बाहेर पाठवायचं, असं पंचायतीनं ठरवलेलंच होतं.

बैठकीत गाव डोळेझाक करायला तयार होतं. शेजारची गोपुली तर रागावलीच. "दीदी, एका गाईनं काय जंगल ओस पडतंय? आणि गाय गेली की तुझा विळाही बंद. ज्याच्या गोठ्यात जनावर नाही त्यानं गवताला जायचं नाही, हा नियम कुणी केला?"

"मीच केला. गवत विकणारे माजले होते."

"मग आता गप्प बस."

आमाला गप्प बसावंसं फार वाटलं. तिला त्या गाईशिवाय कोण होतं? पण दाराशी चौदा पोरं वह्या धरून उभी होती, आणि ती तिच्याच तोंडाकडे बघत होती.

"एकोणचाळीस लिही," ती नीमाला म्हणाली.

खाली नदीकाठी तिच्या भावाकडे भाताचा पेंढा मुबलक होता. धौलीला तिथं पोचवून ती एकटीच चढ चढून आली. संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी उभी राहून बोलायला लागली आणि मध्येच थांबली.

कार्तिकात गवत कापायला जंगल उघडलं. बाया विळे-दोर घेऊन तिच्या अंगणावरून निघाल्या. तीस वर्षं ती त्यांच्यात होती. सासूच्या तक्रारी, एकमेकींच्या फिरक्या, पोट धरून हसणं, वर्षाचं सगळं त्या आठ-पंधरा दिवसांत व्हायचं. यंदा ती अंगणात हुलगे निवडत बसली होती.

"दीदी, चल गं, उशीर झाला," गोपुलीनं सवयीनं हाक मारली आणि जीभ चावली.

"आले, थांब," असं आमाच्या तोंडून निघूनही गेलं होतं. ती अर्धी उठली होती. बाया खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"जा गं बायांनो," ती म्हणाली, "उन्हं चढतील." आणि पुन्हा खाली बसली.