पाणी पिणारे हाजिर हो

पुकारेकाकांचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा, आणि तो आवाज सरकारने घडवलेला होता. उभी हयात त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून माणसांची नावं पुकारली. "अमुक वल्द तमुक, हाजिर हो!" अंगावर पांढरा गणवेश, खांद्यावरून लाल पट्टा. पक्षकार जिन्यात असो की चहाच्या टपरीवर, हातातला कप तसाच टाकून पळत यायचा. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत त्यांचं खरं आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं. कोर्टात पुकारा करतात म्हणून पुकारेकाका. आणि हा सरकारचा भोंगा संध्याकाळी घरी आला की पट्टा खुंटीला अडकवायचा आणि दारात बसून पोरांना सांगायचा, "सरकार म्हनजे काय माहीत हाय का? ते दुसऱ्याचं नाव मोठ्यानं घेते, अन् चूक झाली का सोताचं नाव सांगत नाई."

आमच्या वस्तीची विहीर दीक्षा घेतलेल्या पिढीने खोदली होती. गावात ज्यांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही ती माणसं शहरात आली, तर इथे नळ वस्तीपर्यंत पोचलेलाच नव्हता. त्यांनी अर्ज केला नाही, कुदळी घेतल्या. पुढे कन्हान नदीचं पाणी नळाला आलं, पण उन्हाळ्यात नळ रुसले की विहीरच कामाला यायची. बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी तिचा गाळ काढायचा, असा रिवाज होता. त्या सकाळी काका गाळाची लोखंडी बादली पळीने बडवत गल्ल्यांतून फिरायचे आणि कोर्टातला तोच आवाज लावायचे, "पानी पेनारे, हाजिर हो!" झालं. कोणी आत उतरायचं, कोणी दोर ओढायचं, कोणी तर्री-पोह्यांचं पातेलं चढवायचं. या कामाला समिती नव्हती, अध्यक्ष नव्हता, पावतीपुस्तक नव्हतं. एका वर्षी बँकेतले एक साहेब दार लावून झोपून राहिले, तर काकांनी त्यांच्या खिडकीखाली उभं राहून त्यांचं नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारलं. साहेब लुंगीवर खाली आले आणि दुपारपर्यंत गाळ ओढत होते.

वस्तीची बैठक विहिरीच्या ओट्यापाशी व्हायची, जमिनीवर गोल बसून. तिथे खुर्ची आणायची नाही आणि मतदान घ्यायचं नाही, ही काकांची जुनी अट. "हात वर कराले पोलीस लावतेत," ते म्हणायचे. "इथं तोंड उघडा. आमी हात मोजून गप्प नाई करत कोनाले." त्यामुळे प्रत्येकाचं समाधान होईपर्यंत बैठक चालायची. कडुनिंबाची एक फांदी तोडावी की नाही, यावर अख्खी संध्याकाळ गेलेली मी पाहिली आहे. माझी माय तर बैठकीला येताना निवडायची भाजी घेऊनच यायची. पण एक होतं, की तिथून कोणी तोंड पाडून घरी जात नसे.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. नोकरी लागली तेव्हा मी त्यांना सांगितलं, "काका, तुमच्यासारख्यांना आमच्या पुस्तकात अराज्यवादी म्हणतात." ते खूश झाले. "म्हनजे आपल्यावर धडा हाय! परीक्षेत येते का वं?" माझ्या वडिलांना मात्र हे मुळीच पटत नसे. ते म्हणायचे, "घटना नसती तं गावच्या पाटलानं तुले कोर्टाच्या दारात उभं राहू देलं असतं का गा? ज्याले जात मारते त्याले सरकार लागते. तुह्या गोलात पाटील येऊन बसला तं काय करशील?" यावर काका म्हणाले, "घटनेवर माहा राग नाई. घटना आपली हाय. तिच्यावर जे बसून राहिले त्याईच्यावर राग हाय. अन् हक्क सरकारनं देल्ले नाई, दादा. आपन लढून घेतले, सरकारनं पावती देल्ली." वडील म्हणाले की पावती नसली तर दुकानदार ओळख देत नाही. वाद तिथेच राहिला, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात तो अजून मिटलेला नाही. मी एकदा विचारलं होतं, "कोणीच प्रमुख नसेल तर आधी उठायचं कोणी?" काका म्हणाले, "ज्याले तहान लागली त्यानं."

काका देव नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. आमच्या शेजारच्या सुमनबाईला तिचा नवरा दारू पिऊन मारायचा. काकांनी तो प्रश्न बैठकीत घेतला. पोलीस नकोत, वस्तीचं वस्तीत मिटवू. पण सगळ्यांचं एकमत व्हायचं म्हणजे नवऱ्याचंही व्हायला हवं, आणि तो तर गोलात मांडी घालून बसलेला, मान हलवत, "पाहू, विचार करू" म्हणत. बैठकीमागून बैठक होत राहिली आणि सुमनबाई मार खात राहिली. शेवटी माझी माय भाजीची परात आपटून उठली. "ज्यानं मारलं त्यालेच विचारून राहिले का, बंद करू का म्हनून? मी चालली ठाण्यात." ठाण्यात दोघींना संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, पण तक्रार घेतली. नवरा रात्रभर आत राहिला आणि नंतर वस्ती सोडून गेला. दुसऱ्या दिवशी काका सुमनबाईच्या दारासमोर उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुमन, मी चुकलो." नंतर मायला म्हणाले, "सरकारचं एक खातं तरी कामाचं निघालं." माय म्हणाली, "सरकारचं काही नाई. माह्या पायाचं काम हाय ते." तेव्हापासून गाळाच्या रविवारी पहिला दोर सुमनबाई धरायची.

आता भाऊबद्दल लिहायचं आहे, आणि माझं डोकं आतापासूनच तापायला लागलं आहे.

भाऊ म्हणजे आमचा माजी नगरसेवक. निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, त्याच्यामागचं 'माजी' कोणी उच्चारेनासं झालं आणि त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. एक दिवस तो विहिरीपाशी आला तो टेम्पोभर प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन. त्या ओट्याजवळ खुर्ची टेकली ती पहिल्यांदा. त्याने सांगितलं की सौंदर्यीकरणाचा निधी मंजूर होतोय. फरशा बसतील, व्यायामाची यंत्रं बसतील, मोठा दिवा लागेल. फक्त विहिरीवर स्लॅब टाकावा लागेल, लेकरांच्या सुरक्षेसाठी, आणि एक नोंदणीकृत समिती लागेल, अध्यक्षासकट. "लोकशाही पद्धतीनं करू," तो म्हणाला. "हात वर करा."

काकांनी विचारलं, "स्लॅब काहून? जाळी टाकून देऊ ना."

"काका, वरून नकाशा तसाच आला हाय."

"वर कोन राहते? त्याले तहान लागते का?"

लोक हसले. मला वाटलं, जिंकलो. पण मग आमच्याच पोरांनी, ज्यांनी लहानपणी काकांच्या हातचे पोहे खाल्ले त्याच शहाण्यांनी, जे केलं त्याचा संताप मला अजून आवरत नाही. काका नाराज दिसतात, म्हाताऱ्याचा मान राखला पाहिजे, म्हणून त्यांनी अध्यक्षपदासाठी काकांचंच नाव पुढे केलं! बिनविरोध! टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या टाळ्यांतच स्लॅबचा ठरावही मंजूर धरला गेला. भाऊने स्वतःसाठी आणलेला झेंडूचा हार काकांच्या गळ्यात घातला आणि फोटो काढून घेतला. यात कोणाचंही कपट नव्हतं, एका भाऊचं सोडलं तर. सगळे प्रेमानेच वागले. ज्या माणसाने आयुष्यभर खुर्ची ओट्यापाशी येऊ दिली नाही त्याला आम्ही प्रेमाने उचलून खुर्चीत बसवलं आणि त्याच्या पायाखालची विहीर बंद केली.

तीन गल्ल्यांना पुरणारा तो आवाज त्या दिवशी फुटला नाही. काकांनी हार काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला. "हार खुर्चीले घाला," ते हळूच म्हणाले. "तिलेच निवडलं तुमी." आणि घरी गेले. पोरांना वाटलं, किती हा विनय! मी ओरडले, भांडले, कलेक्टर कचेरीत खेटे घातले. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, समितीचा ठराव आहे. तुमचे अध्यक्षच आहेत ना त्यात? मग तुमचा विरोध नेमका कोणाला आहे?" काका दोनदा जाऊन सांगून आले की मी अध्यक्ष नाही. त्यांना सांगण्यात आलं की तसं असेल तर अध्यक्षांनी रीतसर राजीनामा द्यावा. "जे पद घेतलंच नाई ते सोडू कसं?" असं म्हणून ते परत आले. मी म्हटलं, देऊन टाका काका, कागद तर आहे. ते ऐकेनात. हट्टी होते ते, आणि त्या हट्टाचाही मला राग येतो.

स्लॅब पडला. त्यावर ग्रॅनाइटची पाटी बसली. भाऊचं नाव मोठं, त्याखाली अध्यक्ष म्हणून काकांचं. काकांचं खरं आडनाव वस्तीला कळलं ते त्या पाटीवरून. पुढच्या मे महिन्यात नळ आटले. मग भाऊला फोन केला की टँकर यायचा, टँकरवर भाऊचा फोटो, आणि आमच्या बाया रिकाम्या गुंड्या-घागरी घेऊन त्या फोटोसमोर उन्हात उभ्या. व्यायामाच्या यंत्रांवर चादरी वाळत होत्या. काका दारातून हे सगळं पाहायचे. एकदा मला म्हणाले, "आधी पानी होतं, मालक नव्हता वं." बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार आला आणि गेला. बादली त्यांच्या दारामागेच राहिली. मी त्यांना म्हटलं, नुसतं फिरून तरी या. ते म्हणाले, "कोर्टात बी, ज्याचा खटला निकाली निघाला त्याचा पुकारा करत नाईत."

याच मे महिन्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारापुढे मांडव घातला, पांढरं वस्त्र अंथरलं, भिक्खूंनी त्रिशरण-पंचशील दिलं. आता उचलायचं. तर कोणी हलेना. का? भाऊ निघालेत. अर्ध्या तासात पोचतात. अर्ध्या तासाचा तास झाला, भाऊ एका लग्नात अडकलेत असा फोन आला. नागपुरातलं मे महिन्याचं ऊन, खालचा बर्फ वितळून पाणी गल्लीत वाहायला लागलं, आणि वस्तीतले धडधाकट बाप्ये मोबाइलकडे बघत भाऊच्या खुर्च्यांवर बसून होते. मी म्हटलं, "कोणाची परवानगी पाहिजे तुम्हाला?" त्यांच्यातला एक समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, अध्यक्ष होते ना ते. असं कसं नेता येईन? प्रोटोकॉल असते."

मला त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटली. त्याच्याही आणि माझ्याही, कारण मीदेखील तिथे नुसती बोलत उभी होते.

तेवढ्यात सुमनबाई काकांच्या घरात गेली. आता तीही म्हातारी झाली आहे, गुडघे धरून चालते. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती लोखंडी बादली होती आणि चुलीजवळची पळी. ती मांडवात उभी राहिली आणि बादली बडवली. सगळ्यांनी दचकून पाहिलं. "पानी पेनारे, हाजिर हो!" आवाज फाटला तिचा, पुरता निघालाही नाही. तिने पुन्हा बडवली. "अरे पानी पेनारे, हाजिर हो! पेलं नाई का कोनी?" ती गल्लीत निघाली, मग दुसऱ्या गल्लीत. दारं उघडू लागली. बाया हात पुसत बाहेर आल्या. बँकेतले साहेब, आता निवृत्त, चप्पल न घालताच आले. खुर्च्यांवरचे बाप्ये एकेक करून उठले, काहींनी मोबाइल खिशात टाकले, काहींचे तिथेच राहिले. पहिला खांदा कोणी दिला ते मला सांगता येणार नाही. माझ्याही खांद्यावर बांबू आला, एवढं आठवतं. दहनघाटापर्यंत आळीपाळीने सगळ्यांनी नेलं, बायांनीसुद्धा, आणि पुढे बादली घेऊन सुमनबाई चालत होती.

परत आलो तेव्हा भाऊ येऊन गेला होता. मांडवात कोणीच नाही म्हटल्यावर त्याने आणलेला भला मोठा हार पुढच्या खुर्चीच्या पाठीला घातला, फोटो काढला आणि निघून गेला. आमचा तो प्रोटोकॉलवाला हार काढायला धावला. मी त्याला हात लावू दिला नाही. ती खुर्ची तशीच विहिरीच्या स्लॅबवर नेऊन ठेवली, पाटीसमोर, आणि हार तिथे वाळत राहिला.

तिसऱ्या दिवशी सुमनबाईची नात माझ्याबरोबर टँकरच्या रांगेत उभी होती. हार घातलेली खुर्ची ती बराच वेळ बघत होती. मग तिने माझा पदर ओढला.

"आत्या, खुर्ची मेली का वं?"

"अजून नाही," मी म्हटलं.