पाच मिनिटं आधीची घंटा

सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर अर्ध्या सेकंदात पोचतो, हे मी नववी ब च्या वर्गाला फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. अंतर पंधरा कोटी किलोमीटर, वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. पंधराला तीसनं भागलं, मोकळा झालो. किलोमीटरचे मीटर करायचे राहिले. नव्वदीचं दशक होतं, मी शाळेत नवा होतो, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायची मला फार हौस.

दुसरी रेघ ओढली आणि घंटा झाली. पोरं उधळली. तास पाच मिनिटं आधीच कसा संपला म्हणून मी बाहेर आलो, तर घंटेखाली मामा उभे. शाळेचे शिपाई, सगळे त्यांना मामाच म्हणत.

"सर," ते हळूच म्हणाले, "ऊन अर्ध्या सेकंदात आलं तर तव्याबिगर भाकरी भाजंल की. मीटर ऱ्हायलं तुमचं. उद्या परत घ्या."

मुख्याध्यापकांनी त्यांनाच झापलं. घड्याळ दिसत नाही का, म्हणाले. "दिसतंय की. जरा पुढं पळतंय," एवढंच मामा बोलले. माझं नाव काढलं नाही.

मामांना एका जागी स्वस्थ उभं राहिलेलं मी सहसा पाहिलं नाही. तुमच्याही शाळेत असं कुणी असेल. बसा म्हटलं तरी खुर्चीच्या पाठीला धरून डुलत राहणारं. प्रयोगशाळेची झाडलोट करता करता त्यांनी पंधरा वर्षं सगळे तास ऐकले होते. खिशात लोखंडी छर्रा असे, कागलच्या एमआयडीसीतल्या मेहुण्यानं दिलेला. वस्तू पडण्याचं कुठलंही गणित निघालं की मामा छर्रा काढायचे. "पडू द्या, मग बघू!" जिन्यावरून, गच्चीवरून, एकदा तर माझ्या चपलेवर. मी सूत्र लिहीपर्यंत त्यांचं उत्तर तयार असे.

असा माणूस विज्ञानातच नापास झाला होता.

झालं होतं असं. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होती आणि तिला दहावी पास हवा होता. मामांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. बाकीचे विषय सुटले, विज्ञान अडकलं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत संस्था थांबणार होती, नंतर जाहिरात.

"काय लिहिलं होतं पेपरात?" मी विचारलं.

"इमारतीवरनं दगड पडतो, वीस मीटर, किती वेळ? मी लिवलं, दोन."

"दोन काय?"

"दोन म्हंजी दोनच की! आन् काय, दोन म्हशी?"

दिलेले, सूत्र, उकल, एकक, काही नाही. "उत्तर आलंय तर पायऱ्या कशाला मोजत बसायच्या?" यावर मी 'बोर्डाला लागतात' एवढंच सांगायचो. मामा छर्रा या हातातून त्या हातात टाकत येरझाऱ्या घालायचे आणि वही कोरीच राहायची.

त्यांना खरी टोचणी होती ती प्रकाशाची. "ह्यो टाकून कसा बघायचा?" म्हणायचे. एक दिवस स्वतःच म्हणाले, "सर, मी पन्हाळ्यावर जातो आरसा घेऊन. तुमी शाळेच्या गच्चीवर. तुमी चमकवा, दिसलं की मी चमकवतो. वेळ मोजा."

मी म्हणालो, वा! आधी कागदावर आकडा काढून बघावा, हे भौतिकशास्त्राच्या पदवीधराला सुचलं नाही. रविवारी सकाळी बायकोचा आरसा घेऊन मी गच्चीवर चढलो. मामांनी मंगळवार पेठेतल्या न्हाव्याचा नेला होता. तासभर खटपट केली आणि डोंगरावर एक ठिणगी लकाकली. मी गच्चीवर एकटाच नाचलो. मग स्टॉपवॉच लावून दहादा मोजलं. दरवेळी दोन सेकंदांच्या आसपास.

दुपारच्या एसटीनं मामा उतरले. जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, दोन सेकंद. म्हणजे सेकंदाला वीस किलोमीटर. पुस्तकात तीन लाख.

"कुठंतर माती खाल्ली आपण," मामा म्हणाले. आणि मी न सांगता त्यांनी वही ओढली. दिलेले. सूत्र. उकल. एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि वेळेवर थांबले.

"ह्यो उजेडाचा वेळ न्हाय सर. एक सेकंद माजा हात, एक तुमचा. तुमचा जरा जास्तच." मग वही पुन्हा वरून खाली वाचली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा छर्रा खिशातच राहिला. "पायऱ्या ह्याच्यासाठी व्हय? चूक घावायला? मग आदी सांगायचं की!"

ऑक्टोबरच्या पेपराला मी केंद्राबाहेर त्यांच्यासारख्याच येरझाऱ्या घातल्या. मामा बाहेर आले ते घाम पुसत.

"आलंतं की तुमचं उन्हाचं गणित."

"मीटर केलेत?"

"केलं. तितं माज्यासाठी घंटा बडवाय कोण हुतं?"

आठ मिनिटं वीस सेकंद. एककासकट.

मामा काठावर पास झाले. संस्थेनं जागा दिली, पण आपल्या कागलच्या शाळेत. इथल्या जागेवर तिथला माणूस आला. जाताना मामांनी घंटा बडवायचा हातोडा माझ्या हातात दिला, परत घेतला, खिळ्याला अडकवला आणि गेले. पुढच्या वर्षी शाळेत विजेची घंटा बसली. ती सेकंदभरही पुढं पळत नाही.

मी मात्र सुधारलो नाही. परवाच नववी ब च्या फळ्यावर चंद्रावर गेलेल्या माणसाचं वजन सहापट वाढवून ठेवलं. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, दुसरी ओढताना चूक दिसली, आणि खडू हातात धरून मी दाराकडे बघत उभा राहिलो. 

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "दाराकडं काय बघताय सर? घंटेला अजून वीस मिनिटं हायत. पुसा आन् परत करा."