बायोडाट्यातून खोडलेला कारखाना

नोकरीसाठी काय करावं, हे सांगण्यात मी आख्ख्या तेरखेड्यात कुणाला हार जाणार नाही. हायवेलगत माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. पंधरा वर्षं तिथं बसून मी पोरापोरींना सल्ले देत आलोय, कुणी विचारो न विचारो.

आमच्याकडं नोकरीचा बायोडाटासुद्धा लग्नाच्या बायोडाट्यावरूनच काढतात. वर देवाचं नाव, मग उंची, वर्ण, रास आणि खाली मामेकूळ. एकानं तर सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी ‘चार एकर बागायत, स्वतंत्र विहीर’ असं लिहून आणलं होतं. मी डाफरलो, “साहेबाला तुला जावई करून घ्यायचंय का रे?” आणि सगळं उडवून टाकलं. जो फोन नंबर लागतो तोच लिही, मुलाखतीला आदल्या दिवशीच जाऊन पोच, येत नाही ते येतं म्हणू नको, असं मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवतो. जे येतं ते लपवू नको, हे मात्र कधी सांगितलं नाही. ते सांगावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी बार्शीला जाऊन रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली. मग बाहेर कुठं जमेना, तेव्हा गावाबाहेरच्या फटाक्यांच्या कारखान्यात लागली. आधी वेष्टणं चिकटवायला बसायची. दोन वर्षांत मालकानं साठ्याची खोली तिच्या ताब्यात दिली. कुठला माल कशाशेजारी ठेवायचा नाही, आत कोण कुठल्या कपड्यांत येणार, किती माल आला, किती गेला, सगळं ती बघायची. अशी सहा वर्षं गेली. बहीण मात्र पै-पाहुण्यांत “पोरगी स्पर्धा परीक्षेची तयारी करती” असंच सांगायची. फटाक्यात काम करणारी पोरगी म्हटलं की स्थळं मागं सरकतात, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटलेलं होतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात साठ्याच्या देखरेखीची जागा निघाली. राहायची सोय होती, नोकरी कायम होती. बहिणीनं तिला निक्षून सांगितलं होतं, दिवाळीच्या आत नोकरी लागली तर लागली, नाहीतर येईल त्या पहिल्या बऱ्या स्थळाला हो म्हणायचं. पोरगी माझ्या दुकानात आली ती हे ओझं घेऊनच.

मी बायोडाटा करायला घेतला. पदवीनंतरच्या सहा वर्षांपाशी माझी बोटं थांबली. मग मी टाइप केलं, ‘घरी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी’.

तिनं स्क्रीनकडं पाहिलं. “मामा, हे खोटं हाय की.”

“खोटं काय त्यात? आख्खा जिल्हा हेच लिहितो.”

“पर त्यांना अनुभव पायजे म्हणत्यात. मला हाय की अनुभव.”

“फटाक्याचा अनुभव पुण्यात कोण विचारतंय, बाई? मजूर समजून दारातूनच परत धाडतील. मी पंधरा वर्षं हेच करतोय.”

मामाच्या पुढं बोलायची तिला सवय नाही. मी कागद छापला, तिच्या हातात दिला आणि वर चहाही पाजला. शहाणपणा केल्यासारखं वाटत होतं मला!

मुलाखतीहून आली ती एसटीतून उतरून सरळ दुकानात. स्टुलावर बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेबानं पेट घेणाऱ्या मालाबद्दल प्रश्न विचारले. तिनं एकेकाचं उत्तर दिलं. साठ्याच्या खोलीत लोखंडी अवजार का नको, पॉलिस्टरची साडी का नको, पावसाळ्यात पोती कशावर ठेवायची. साहेब खूश झाला, म्हणाला, हे पुस्तकात वाचून येत नाही, कुठं शिकलात? तिच्या तोंडून खरं तेच निघालं. मग त्यानं समोरचा कागद उचलून वाचला.

“‘इथं तर सहा वर्षं घरी अभ्यास लिवलाय’ म्हणाला, मामा. ‘कुठलं खरं धरू?’ म्या म्हणलं, तोंडानं सांगते ते खरं. तर म्हणाला, ‘बाई, तुम्हाला काम येतं, त्यात शंका नाही. पण साठ्याच्या खोलीत माझा सगळा भरवसा लिहिलेल्यावर असतो.’”

“मग मामानं लिहिलं म्हणून सांगायचं की!” मी उसळलो.

“सही माझी व्हती.”

साहेबावर तोंडसुख घ्यावं, शहरातल्या लोकांना शिव्या द्याव्यात, असं सगळं जिभेवर आलं होतं. पण माणूस बरोबर बोलला होता. माझा दुकानभर पसरलेला अनुभव त्या एका वाक्यापुढं फिका पडला. तिचा घास मी तोंडातून काढून घेतला होता, आणि तोही तिचं भलं करतोय म्हणून.

मी म्हणालो, “नवा करू. आत्ता करू. सगळं लिहू, कारखाना, साठा, सहा वर्षं.”

“करू की,” ती म्हणाली. पण उठली नाही. तिनं विचारलं, “मामा, एक विचारू? राग न्हाय ना यायचा?”

“विचार.”

“आईचं समजतं मला, तिला स्थळाची काळजी. पर तुमी तर नोकरीचं लिवत व्हता. तुमाला माझ्या कामाची लाज वाटत व्हती व्हय?”

“न्हाय गं, वेडी का तू?” मी म्हणालो, लगेच आणि जरा मोठ्यानंच.

तिनं मान हलवली, ओढणी तोंडाला बांधली आणि कारखान्याच्या वाटेला लागली. दीड दिवसाचीच रजा होती तिची. मला वाटत होती लाज. तिला ते माझ्याआधी कळलं होतं, आणि मी तिच्या तोंडावर पुन्हा खोटंच बोललो.