दीड वाजताची सफाई

इस्पितळात सफाई करणाऱ्या प्रत्येक बाईला सगळे मावशी म्हणतात. माझी मात्र ती खरीच मावशी, आईची धाकटी बहीण. शिक्षणासाठी मी तिच्याकडे राहते.

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला असलेली प्रार्थनेची खोली तिच्याकडे आहे. बारा खुर्च्या, गुंडाळलेल्या चटया, निळा गालिचा आणि भिंतीवर काचेत बसवलेलं एक वाक्य. जगातल्या देशांनी मिळून मान्य केलेलं: आपला धर्म पाळण्याचा आणि बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ती काच मावशी दर शनिवारी पुसते. तिथे कुणी गुडघे टेकतं, कुणी मांडी घालतं, कुणी नुसतंच खुर्चीत बसून राहतं. मावशी स्वतः काय मानते, हे घरात कुणालाच नीट माहीत नाही. आईने छेडलं की म्हणते, "ताई, मी तिथे फरशी पुसायला जाते. देवाच्या आणि माणसांच्या मधेमधे कशाला करू?"

मग एक दिवस कार्यालयातून वही आली. खोलीत येणाऱ्याचं नाव, धर्म, वेळ लिहायची आणि महिनाअखेरीस खाली नोंदणी विभागात द्यायची. मावशी ती घरी घेऊन आली आणि टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसली.

"त्या विभागात रक्त तपासणाऱ्या पोरीचा भाऊ बसतो," ती म्हणाली.

ही पोर प्रयोगशाळेत कामाला आहे. दीडच्या सुट्टीत दहा मिनिटं खोलीत यायची. तिने घरचा धर्म सोडून दुसरा धरला होता. मावशीने एवढंच पाहिलं होतं, की एका पद्धतीने बसणारी पोर एक दिवस वेगळी बसली. पुढे पोरीनेच हात धरून सांगितलं होतं, भावाला कळलं तर मला घराचं दार कायमचं बंद.

"मग तिचं नाव गाळ," मी म्हणाले.

"एकटीचं गाळलं तर तिलाच शोधत येतील. सगळ्यांचंच गाळायला हवं. तुझं अक्षर बरं आहे, लिही."

खोलीबाहेर काढलेली पायताणं तिला तोंडपाठ होती. ती सांगत गेली, मी लिहीत गेले.

"तपकिरी सँडल, उजवा पट्टा शिवलेला. सव्वानऊ."

"आणि धर्म?"

"सँडलला काय विचारू? कोरं ठेव. पुढे, मोठे काळे बूट, आत भोकाचे मोजे. मोजे लिहू नकोस गं, बिचाऱ्याची लाज जाईल."

महिनाअखेरीस कार्यालयातल्या साहेबांनी बोलावलं. तो सगळा संवाद तिने घरी आम्हाला दोन्ही आवाजांत करून दाखवला.

"मावशी, ही काय चपलांच्या दुकानाची यादी आहे?"

"माणसं जे बाहेर ठेवतात ते लिहिलंय, साहेब. आत काय घेऊन जातात ते मला दिसत नाही."

"नाव विचारायला काय होतं?"

"विचारीन की. फक्त भिंतीवरची ती काच उतरवून घ्या. त्या वाक्याखाली उभं राहून विचारायचं म्हणजे मला बाई कसंतरी होतं."

साहेब वाईट नव्हते. हसले, वही मिटली. पण सोमवारी दारात पहारेकरी बसला, हातात ओळखपत्र टिपणारं यंत्र घेऊन.

दोन दिवस पोर फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटली, डोळे सुजलेले. नोकरी सोडून दुसऱ्या गावी जाते म्हणाली. त्या संध्याकाळी मावशीसमोर दूध उतू गेलं आणि ती नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दीडला तिने दारात 'सफाई चालू आहे' अशी पिवळी पाटी ठेवली. सफाई चालू असताना खोली बंद, हा इस्पितळाचाच नियम. पहारेकरी चहाला गेला. मावशी बादली घेऊन आत शिरली आणि तिच्यामागून, कपड्यांवर मावशीनेच दिलेला सफाईचा डगला चढवलेली ती पोर. बाहेर आवाज जायला हवा म्हणून मावशीने गालिचा झाडायचं यंत्र सुरू केलं. त्या घरघरीत हिची प्रार्थना कशी व्हायची, म्हणून मधेच थांबवलं, तर पोरीने डोळे न उघडता हातानेच खुणावलं, चालू दे.

याला आता दोन वर्षं होतील. पहारेकऱ्याने एकदा विचारलं होतं, "मावशी, रोज गालिचा?"

"काय करू बाबा, खालच्या मजल्यांची सगळी धूळ वर चढते."

त्याला किती कळलंय, देव जाणे. पण तो हल्ली दीडला पाच कमी असतानाच चहाला उठतो.

पुढच्या महिन्यात मावशी निवृत्त होतेय. परवा मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले, तेव्हा ती नव्या बाईला काम दाखवत होती.

"दीड वाजता गालिचा. रोज. एकही दिवस चुकवायचा नाही."

"पण हा तर स्वच्छच आहे."

"म्हणून तर दहा मिनिटांत होतो."

"आणि कुणी विचारलं तर?"

"पहिल्यापासूनची पद्धत आहे म्हणायचं."

तेवढ्यात पोर दारात आली. अनोळखी बाई पाहून तिथेच थबकली. मावशी म्हणाली, "ही मदतीला असते." नव्या बाईने पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिची प्रयोगशाळेची पांढरी बाही डगल्यातून बोटभर बाहेर डोकावत होती. बाईने पुढे होऊन ती आत सारली आणि यंत्राचं बटण कुठे आहे, असं मावशीला विचारलं.