पुढे गेलेला प्याला

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एकच प्याला रांगेतून फिरतो. दारू सोडलेले शमुवेलकाका भाकर घेतात, पण प्याला ओठांना न लावता पुढे देतात. "काका, नुसता द्राक्षरस आहे हो," असे पाळकसाहेबांनी मागे त्यांना समजावले होते.

"माहीत आहे, साहेब. पण वास ओळखीचा वाटतो."

"यांच्या नाकाचा बाप्तिस्मा राहिलाय," काकू हसत म्हणाल्या होत्या.

भरवसा ठेवला की मोह सुटतो, असे मला वाटायचे. काकांचा सुटलेला नाही. ते तो मोह घेऊनच देवापुढे बसतात. आजही प्याला मागच्या रांगेत जाईपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले. ती ओढ दारूची होती की प्रभूची, ते त्यांनाही सांगता आले नसते. मग त्यांनी डोळे मिटले आणि काकूंचा हात घट्ट धरला.