भाचीसमोर शुद्ध बोला

मूल वाढवण्याबद्दल मी काही लिहावं हे मला स्वतःलाच पटत नाही, म्हणून आधी माफी मागतो. माझं लग्न झालेलं नाही. मी सांगलीत एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे चार ओळी लिहिल्या की वाटतं, मागे कुणीतरी उभं राहून वाचतंय आणि हसतंय. माझा अधिकार एवढाच, की मी मामा आहे. भाचीचं जावळ माझ्या मांडीवर काढलं. वस्तरा डोक्यावरून फिरत होता तेव्हा ती माझा अंगठा धरून गप्प बसली होती आणि न्हावी मला म्हणाला, "मामा, पोरगी शांत हाय. तुमी कशाला थरथरताय?"

आमची वस्ती जत तालुक्यात, कर्नाटकाच्या अंगाला. आबा मेंढरं राखतात. आईचं माहेर हद्दीपलीकडचं, त्यामुळे तिच्या बोलण्यात निम्मं कानडी येतं. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दाजी वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात. भाची दहा महिन्यांची असताना आक्काला साताऱ्यात नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला. हॉस्टेलवर मूल चालत नाही आणि सासरी सांभाळायला कुणी नव्हतं. आई म्हणाली, "ठेव हितं. तुमा दोगास्नी वाढवलं, हिला वाढवाय काय लागतंय?" आक्का एका पिशवीत झबली, एका पिशवीत पुस्तकं घेऊन आली होती. जाताना फक्त पुस्तकांची पिशवी घेऊन गेली.

मी तेव्हा जतच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि रोज घरून जाऊन-येऊन करायचो. दुपारी परत आलो की भाची माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढून घ्यायची आणि त्यावरचा माझा फोटो चाटायची. तिला दप्तराची चेन उघडायला फार आवडायचं. आत काय आहे याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. चेन उघडायची आणि लावायची. ती माझ्या पोटावर पालथी झोपायची, आणि तशा अवस्थेत पुस्तक डोक्याच्या वर धरून मी बराच अभ्यास केला आहे. दुधात कुस्करलेली भाकरी आईच्या हातून ती मुकाट खायची. मी भरवायला लागलो की प्रत्येक घास तोंडातून बाहेर काढून निरखून बघायची आणि मग मलाच भरवायची.

तेव्हा आमच्या घरात फार बोलणं असायचं. आई चुलीशीसुद्धा बोलते. भाचीला न्हाऊ घालताना तर तिची अखंड बडबड चालायची, अर्धी मराठी, अर्धी कानडी. आबा संध्याकाळी मेंढरं कोंडून आले की भाचीला पुढ्यात घेऊन दिवसभराची हकिगत सांगायचे. "त्या कानतुटकीनं आज लय पळीवलं बग मला, बाय. पार वड्यापतुर. आता तूच सांग, म्या काय करावं?" भाची गंभीर चेहऱ्यानं "हूं" म्हणायची. आबा म्हणायचे, "बरोबर हाय तुजं. उद्या बांदूनच घालतो." वर्षाची होऊन गेली तेव्हा ती आबांना "बाबा" म्हणायची आणि दुधाला आईसारखं "हालु" म्हणायची. मेंढीसाठी तिचा एक वेगळा आवाज होता, तो मला लिहून दाखवता येणार नाही.

त्याच सुमाराला मी साताऱ्यात एका वक्तृत्व स्पर्धेला गेलो. विषय पाण्याचा होता. पाठांतर पक्कं होतं, पण स्टेजवर उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य निघालं, "माझं गाव लय लांब हाय." पुढच्या दोन रांगा हसल्या. वाईट हेतूनं हसल्या असं मी आता म्हणणार नाही, पण पुढचं सगळं मी घाम पुसत बोललो. आक्का हॉस्टेलवरून ऐकायला आली होती. तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. "भारी बोललास की," म्हणाली. परतीच्या एसटीत मी ठरवलं, आपल्या भाचीवर अशी वेळ येऊ द्यायची नाही.

घरी आल्यावर मी नियम केला: बाळासमोर सगळ्यांनी शुद्ध बोलायचं. कानडी बंद, कारण दोन भाषांनी पोरगी गोंधळेल. हे मी कुठं वाचलं होतं ते आज आठवत नाही. बहुतेक कुठंच वाचलं नव्हतं. जतच्या स्टँडवरून फळांचा रंगीत तक्ता आणला आणि भिंतीवर लावला.

"हे सफरचंद आहे," मी भाचीला म्हणायचो.

"आपल्याकडं बोरं हाईत," आबा दारातून म्हणायचे. "सफरचंद कवा बगितलंय तिनं?"

"आबा, हाईत नाही. आहेत."

"बरं मास्तर. आहेत. बोरं आहेत." मग ते आईकडे वळून म्हणायचे, "आता मेंढरास्नी बी शिकवावं लागंल गं."

पहिले काही दिवस अशी थट्टा चालली. मग आबा थट्टा करायचे थांबले. ते भाचीला खांद्यावर घ्यायचे, जिभेनं टकटक आवाज काढायचे आणि खाली ठेवायचे. मेंढरांची हकिगत बंद झाली. आईचं तर मला आता आठवलं तरी कसंतरी होतं. ती कोंबडी दाखवून बोलायला सुरुवात करायची, "ही बग बाय, कोंबडी कशी..." आणि मध्येच माझ्याकडे बघायची. "काय म्हनायचं रं हितं?" मी सांगायचो. तोवर कोंबडी गेलेली असायची. पुढं पुढं ती माझी वाट बघू लागली. बोलायचं काम माझं, खाऊ-पिऊ घालायचं तिचं, अशी वाटणीच झाली. घरात शांतता असायची आणि मला ती शिस्त वाटायची.

भाचीचे शब्द कधी गेले ते मला नक्की सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की दूध हवं असलं तर ती भांड्याला हात लावते, बाहेर जायचं असलं तर बोट धरून ओढते, आणि तोंडानं काही म्हणत नाही. हसायची भरपूर. आम्ही म्हणायचो, शहाणी आहे, बोलल्याशिवाय काम करून घेते.

पावसाळ्यात मी एम.ए.साठी सांगलीला आलो आणि दर शनिवारी घरी जाऊ लागलो. भाचीची दोन वर्षं भरली. अंगणवाडीच्या ताईंनी आईला विचारलं, "हिला ऐकू येतं का नीट?" आईनं ते मला फोनवर सांगितलं आणि त्याच संध्याकाळी आक्कालाही सांगितलं. आक्का रोज व्हिडिओ कॉल करायची. भाची पडद्याची पापी घ्यायची, आपल्या चपला एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायची, पण शब्द नाही. शनिवारी मी शेजारी बसलेलो असताना आक्का म्हणाली, "आई म्हन की गं एकदा. एकदाच." भाचीनं तिला पुन्हा चप्पल दाखवली. मग आक्का मला म्हणाली, "दिवाळीपर्यंत बगते. न्हाई बोलली तर कोर्स सोडून येते. मला नर्स हून काय करायचंय, हिकडं पोरगी मुकी बसली तर?"

म्हणून आम्ही तिला सांगलीत कान तपासायला नेलं. आई पहाटेच्या गाडीनं भाचीला घेऊन आली. तपासणाऱ्या बाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी बंद खोलीत वेगवेगळे आवाज केले. भाची दरवेळी वळून बघत होती. एकदा तर आवाज व्हायच्या आधीच वळली, कारण तिला खेळ कळला होता. बाई हसल्या. "कान चांगले आहेत," म्हणाल्या. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग त्यांनी आईला विचारलं, "आजी, दिवसभर तुम्ही हिच्याशी काय काय बोलता?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "मी न्हाई बोलत जास्त. माजं अशुद्ध हाय. ह्यो शनवारी आला की बोलतो तिच्यासंगं. ह्यो शिकलेला हाय."

"आणि सोमवार ते शुक्रवार?"

आई भाचीचं झबलं सारखं करू लागली. बाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की काही मुलं उशिरा बोलतात, कारण एकच असतं असं नाही. पण मुलाच्या कानावर बोलणं पडायला हवं, पुष्कळ, घरातल्या माणसांचं, जसं येतं तसं. आणि कानडी येत असेल तर कानडीसुद्धा. आईला हे खरं वाटेना. तिनं दोनदा विचारलं, "कानडी बी चालंल?"

स्टँडवर जतच्या गाडीला वेळ होता. भाची केळं खात होती, म्हणजे अर्धं स्वतः आणि अर्धं माझ्या शर्टाला, तोंडाला. मला आईची माफी मागायची होती. आमच्या घरात आईची माफी मागायची पद्धत नाही, शब्दच सापडेनात.

"आये, तू बोल गं तिच्यासंगं."

"काय बोलू?"

"काय बी. पयल्यासारकं."

आई माझ्याकडे बघत राहिली. "बोलंन की," म्हणाली. "आदी तू त्वांड पूस. लोकं बगत्यात." गाडी लागली. खिडकीतून मला तिचे ओठ हलताना दिसले. ती भाचीशी बोलत होती की कंडक्टरकडं तिकीट मागत होती, हे गाडी वळेपर्यंत मला कळलं नाही.

आक्काला मी फोनवर सगळं सांगितलं, नियमापासून. वाटलं होतं, चिडेल. ती म्हणाली, "मी वॉर्डात म्हाताऱ्या मान्सास्नी गावच्या बोलीत गोळी घ्या म्हनलं की घेत्यात. नीट पुस्तकातलं बोललं की त्वांड फिरवत्यात. मला इचारायचं तरी." नंतर म्हणाली, "पर दिवाळीचं म्या बोलली ती बोलली. वाट बगनार, आन् न्हाई तर येनार." तिच्या परीक्षेचा फॉर्म तेव्हा भरायचा होता. तो तिनं तसाच बाजूला ठेवला होता.

त्यानंतर मी रोज फोन करायचो. "बोलली का?" "न्हाई अजून." शनिवारी घरी गेलो की मी दारातच घुटमळायचो, कारण आतून आईचा आवाज यायचा, पूर्वीसारखा, न थांबणारा, आणि मी आत पाऊल टाकलं की तो बारीक व्हायचा. मी मुद्दाम आबांना मेंढरांबद्दल विचारायचो. आबा थोडं सांगायचे, माझ्याकडं बघत. भाची माझ्या मांडीवर येऊन दप्तर ओढायची आणि गप्प असायची. एका शनिवारी मी तक्ता काढून गुंडाळून ठेवला.

मग माझ्या अंतर्गत परीक्षा आल्या आणि दोन शनिवार मला जाता आलं नाही. फोनवर आई आता "न्हाई अजून" असंही म्हणत नव्हती. "बरी हाय, खातीया, खेळतीया," म्हणायची आणि घाईनं फोन ठेवायची. मला वाटलं, सांगून सांगून कंटाळली. दिवाळी बारा दिवसांवर आली होती. मी आक्काला काय सांगायचं याची वाक्यं मनात तयार करत होतो.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि फोन सुरू केला, तर आबांचा फोन येऊन गेला होता. आबा स्वतः होऊन कधी फोन करत नाहीत. मी घाबरतच लावला.

"पेपर झालं व्हय?" आबा म्हणाले. "मंग आता सांगतो. बाय बोलाय लागली."

"कधी?"

"आठ दिस झालं. टँकर आलता. त्यो गडी बॅरलात पाइप सोडून मोबाइलवर बोलत हुबा ऱ्हायला. बॅरल भरलं, पानी लागलं वाहाय. आन् ही उंबऱ्यातनं वरडली, आवं! पानी चाल्लं! त्यो दचकला की, पाइप सोडून मला बगाय लागला. त्याला वाटलं, म्याच वरडलो." आबा हसत होते. "तवापासनं त्वांड मिटंना तिचं. कानतुटकीला शिव्या बी देती."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"तुजी आई म्हनली, ह्याला इतक्यात सांगू नगा. ह्यो पळत येईल आन् तिचं शब्द दुरुस्त करत बसंल. आटवडाभर तरी बोलू दे पोरीला. म्या म्हनलं, त्यो आता तसा न्हाई ऱ्हायला. पर तिला धीर हुईना."

मागून आईचा आवाज आला, "द्या हिकडं, काय सांगताय त्याला," आणि त्याच्या वर भाचीचा आवाज, ज्यातलं मला एक अक्षरही कळलं नाही.

"आणि आक्का?" मी विचारलं.

"तिला त्याच दिशी सांगितलं. आदी रडली, मंग हसली. दिवाळीला येतीया, चार दिस ऱ्हाऊन परत साताऱ्याला जानार. परीक्षेचा फॉर्म भरला म्हनं तिनं."