पोटाच्या बदल्यात पाय

श्रीरामपूर स्टेशनवर मुलगी मला गाडीत बसवायला आली ती फाइल घेऊनच. मोठ्या आतड्यात गाठ, ऑपरेशन लवकर करा, असा त्या फाइलचा सारांश. छत्तीस वर्षे नर्स म्हणून मी लोकांना दटावून टेबलावर चढवले. स्वतः चढायची वेळ आली तेव्हा माझीच बोबडी वळली. वय अडुसष्ट, नवरा प्रभूकडे गेलेला, मुलगी आपल्या संसारात. देवाला आता माझा काय उपयोग, मग कशाला चिरफाड, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. शिंदखेड्याला थोरल्या बहिणीला, अक्काला, ते सांगायचे आणि शेवटचे भेटून यायचे. मुलीला एवढेच म्हटले, "परत आल्यावर बोलू."

पहिला मुक्काम नशिराबादला, नर्सिंगच्या दिवसांतली मैत्रीण सुमन हिच्याकडे. थंडीचे दिवस, म्हणजे शेतात भरीत ठरलेलेच. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजली, हिरव्या मिरच्यांसह ठेचली आणि कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या) भाकरीवर माझ्यापुढे आली.

"मला तिखट बंद आहे," मी म्हणाले.

"हे तिखट नाही व माय, भरीत आहे," सुमन म्हणाली. तीही नर्सच!

दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग केळीच्या बागेत मला तीनदा घाईघाईने जावे लागले. तेवढ्यात शेजारणी आजाऱ्याला बघायला बिस्किटाचे पुडे घेऊन आल्या. प्रत्येकीच्या नात्यात कुणाला तरी माझ्यासारखीच गाठ झाली होती आणि त्यांपैकी एकही माणूस आता हयात नव्हता. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी बिस्किटे खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जळगावहून धुळ्याची एसटी धरली. एरंडोलला एक आबा शेजारी येऊन बसले. मांडीवरची फाइल पाहून म्हणाले, "काय शे?"

"पोटात गाठ."

आबांनी मागे वळून ती बातमी बसभर केली. पारोळ्यापर्यंत माझ्या आतड्यावर चर्चासत्र झाले. कोमट पाणी, लिंबू, पपईच्या बिया, एका बाबाचा अंगारा असे सगळे सुचवून झाले. धुळ्याला उतरताना कंडक्टरसुद्धा म्हणाला, "ताई, पायरी बघून उतरा, पोट सांभाळा." इतक्या लोकांनी माझे पोट कधीच मनावर घेतले नव्हते.

शिंदखेड्याला पोचले ती थेट चर्चपुढच्या मांडवात. दिवाळीत मी अक्काला फोनवर सांगितले होते की माझे रक्त (हिमोग्लोबिन) थोडे वाढले आहे. अक्काने त्याला तिखटमीठ लावून चर्चच्या मंडळीला सांगितले. मंडळी महिनोन्‌महिने माझ्यासाठी प्रार्थना करत होती. ती धरूनच चालली की ताई बरी झाली. आता रविवारच्या उपासनेनंतर उपकारस्तुती (देवाचे आभार मानणारी प्रार्थना), माझी साक्ष (देवाने केलेल्या कामाची जाहीर कबुली) आणि मग जेवण. मटणाचे पातेले चुलीवर चढलेसुद्धा होते.

पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावले. देवाच्या घरात खोटे कसे बोलू? मी म्हणाले, "मी बरी झालेली नाही. गाठ आहे तिथेच आहे. ऑपरेशनही करणार नाही. देवाचे माझ्याकडचे काम संपले आहे."

मागून दगडूनाना नावाचे म्हातारे उठले. "मंग जेवनं काय करानं?"

हशा पिकला, आणि अक्का रडत रडत हसली. कुणीतरी सांगितले, साखरेचा आजार असूनही नाना दर शुक्रवारी माझ्यासाठी कडकडीत उपास करत होते.

"नाना, तुम्हाला साखरेचा आजार आहे ना?" मी विचारले.

"शे ना. गोळीबी नही खास त्या दिनले. पुरा उपास."

माझ्यातली नर्स खवळली. माइक हातात आहे हे विसरून मी त्यांना झाडले. "चप्पल काढा, पाय बघू!" टाचेजवळ रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. पंधरा दिवसांची. दुखत नाही, म्हणून दाखवली नव्हती. मी वेदीजवळच जमिनीवर बसले, पाणी उकळून मागवले, जखम धुतली, पट्टी बांधली. तोवर मागे रांग लागली होती. मटण गार झाले तरी मी पाय बघत होते. माझे पोट दुखत होते की नाही, मला आठवत नाही.

"उद्या धुळ्याला डॉक्टरकडे चला, नाना. नाहीतर पाय जाईल."

नानांनी मान हलवली. "तुम्हनं काम सरनं, मंग मनंबी सरनं. जाऊ द्या पाय."

"असं कसं बोलता?"

"तुम्हीच बोलनात ना, आते माइकवर." मग हळूच म्हणाले, "तुम्ही पोट दाखाडा, मी पाय दाखाडस."

सोमवारी सकाळी धुळ्याच्या दवाखान्याच्या पायरीवर नाना खांब धरून उभे राहिले. मी मुलीला फोन लावेपर्यंत आत पाऊल टाकेनात. फोन लावला. "ऑपरेशनची तारीख घे," मी एवढेच म्हणाले. पलीकडे ती रडू लागली. मलाही रडू आले. नानांनी फोन कानाला लावून खात्री करून घेतली आणि आत गेले. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल.

परतीच्या गाडीत मी देवावर जरा रुसले होते. माझ्या जगण्याचे प्रयोजन काय, असे मी त्याला इतके महिने गुडघे टेकून विचारत होते. वाटले होते, एखादे गंभीर, मोठे उत्तर येईल. त्याने दाखवली ती म्हाताऱ्याची टाच. पण उत्तर लागू पडले, हे कबूल करायला हवे. गाठ अजून आहे, भीतीही आहे. ऑपरेशनमधून उठेन की नाही, ठाऊक नाही.

मनमाडच्या पुढे फोन वाजला. नाना.

"तारीख मिळनी का ताई?"

"मिळाली. येत्या शुक्रवारी."

मग नाना म्हणाले, "त्या दिनले मी दोन टाइम जेवस. गोळी खाईसन."